कमी खर्चातला स्वतंत्र भयपट: उत्तरार्धात नेमके काय बिनसते?

प्रश्न: निशाचर

नुकताच एक स्वतंत्र निर्मितीचा भयपट पाहिला. त्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण चर्चेच्या ओघात शेवट उघड करावा लागणार आहे आणि चित्रपट अजून फार लोकांपर्यंत पोहोचलेला नाही. लांबी दीड तासाच्या आसपास, सगळे कथानक एकाच घरात, पात्रे तीन आणि त्यांपैकी एक तर फक्त फोनवर ऐकू येते. आईच्या मृत्यूनंतर दोन बहिणी तिचे घर रिकामे करायला येतात आणि त्यांना कॅसेटचा एक खोका सापडतो. आयुष्याच्या शेवटच्या वर्षात आईने रोज रात्री टेपरेकॉर्डर चालू ठेवून झोपायची सवय लावून घेतलेली असते. सुरुवातीच्या कॅसेटमध्ये श्वास आणि पलंगाची करकर यांखेरीज काहीच नाही. पुढच्या एका कॅसेटमध्ये मात्र आई कोणाला तरी हलक्या आवाजात उत्तरे देते आहे आणि तिला विचारले जाणारे प्रश्न आपल्याला ऐकू येत नाहीत.

इथपर्यंत मी पुरता गुंतलो होतो. धाकटी बहीण ती कॅसेट ऐकत असते तेव्हा कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून हलत नाही, तिच्या पाठीमागचे दार अर्धवट उघडे असते, त्या दारात शेवटपर्यंत काहीही घडत नाही आणि तरीही आपली नजर तिथून निघत नाही. थोरल्या बहिणीचे काम करणाऱ्या अभिनेत्रीने तर कमाल केली आहे. तिला घर लवकर विकायचे आहे, त्यामुळे भीतीपेक्षा तिच्या वागण्यात वैताग अधिक दिसतो आणि त्या वैतागामुळेच ती खरी वाटते.

उत्तरार्धात मात्र चित्रपट हातातून निसटतो. शेजारीण फोनवरून घराचा सगळा पूर्वेतिहास एका दमात सांगून टाकते. त्यानंतर भूत दिसते आणि ते संगणकावर तयार केलेला धुराचा चेहरा असते. व्हरांड्यातल्या भांडणाचे संवाद दुसऱ्याच जागी बोलल्यासारखे वाटतात, रात्रीची काही दृश्ये तर इतकी काळोखी आहेत की कोण कुठे उभे आहे तेच कळत नाही, आणि शेवट झाला असे वाटल्यावर आणखी दोन शेवट येतात.

माझा प्रश्न असा आहे की यांपैकी कोणते दोष पैशाअभावी आले आणि कोणते पैसा असता तरी राहिलेच असते? आणि मोजक्या पैशांत केलेले काम म्हणून प्रेक्षकाने अशा चित्रपटाला काही सवलत द्यावी की नाही?

प्रतिसाद १: ध्वनिलेखक

मी छोट्या निर्मितींसाठी ध्वनीचे काम करतो, म्हणून व्हरांड्यातल्या संवादांपासून सुरुवात करतो. तिथे काय झाले असावे याचा अंदाज बांधणे कठीण नाही. चित्रीकरणाच्या वेळी व्हरांडा घुमत असणार, बाहेरून वाहनांचे आवाज येत असणार, मायक्रोफोन बोलणाऱ्याच्या तोंडापासून लांब राहिला असणार आणि नंतर संकलनाच्या टेबलावर सगळे निरुपयोगी ठरल्यामुळे संवाद बंद खोलीत पुन्हा बोलून घेतले गेले असणार. अशा आवाजात शब्द स्वच्छ असतात, पण जागा नसते. भिंतींवरून परत येणारा सूक्ष्म घुमारा, श्वासाची घाई, चालताना हलणारा सूर यांतले काही त्यात उरत नाही. प्रेक्षकाला कारण सांगता येत नसले तरी त्याच्या कानाला हे लगेच कळते. दाणेदार किंवा हलणारे चित्र तो सहज सहन करतो, भयपटात तर ते शोभूनही दिसते; पण चेहरा एका जागी आणि आवाज दुसऱ्या जागी असला की समोर पात्र उरत नाही, संवाद म्हणणारी नटी उरते.

हा दोष पैशाचा आहे असे म्हणायला मी तयार नाही. प्रत्येक जागेचे चित्रीकरण संपल्यावर सगळ्यांना अर्धा-एक मिनिट स्तब्ध उभे करून त्या खोलीची नुसती शांतता मुद्रित करून ठेवणे याला काहीच खर्च येत नाही, आणि ती शांतता हाताशी असली की नंतरचे पुष्कळ सांधे बेमालूम बुजवता येतात. पण छोट्या चित्रपटात उजेड मावळत असतो, जागा रिकामी करून द्यायची असते आणि त्या धावपळीत पहिला बळी या अर्ध्या मिनिटाचा जातो. कॅमेऱ्यासाठी आधी पैसे बाजूला काढायचे आणि उरले तर ध्वनीला द्यायचे, हा क्रम छोट्या निर्मितीत इतका रुळला आहे की तो कोणाला चुकीचाही वाटत नाही.

याच चित्रपटाचे सर्वांत मोठे बळही ध्वनीतच आहे, ही त्यातली गंमत. चौकटीबाहेरची जागा आवाजाने उभी करायला फारसा पैसा लागत नाही, आणि ज्यांच्याकडे पैसा नव्हता त्यांनी हे फार पूर्वीच ओळखले होते. १९४२ सालचा ‘कॅट पीपल’ स्वतंत्र निर्मितीचा नव्हता, मोठ्या स्टुडिओच्या स्वस्त विभागातला होता; पण रात्रीच्या रस्त्यावर पाठलागाच्या भीतीने झपझप चालणारी स्त्री, मागून येणारी आणि अचानक थांबणारी पावले, आणि मग फिस्कारल्यासारखा आवाज करत चौकटीत घुसणारी बस, एवढ्या सामग्रीवर त्यातले ते प्रसिद्ध दृश्य उभे आहे. जॉन कार्पेंटरचा १९७८ सालचा ‘हॅलोविन’ सव्वातीन लाख डॉलरच्या आसपास झाला आणि त्याचे संगीतही कार्पेंटरने स्वतःच केले. संगीताशिवाय चित्रपट पाहिलेल्या एका स्टुडिओतल्या अधिकारी बाईंना मुळीच भीती वाटली नव्हती, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. संगीत घातल्यावर त्यांचे मत पालटले.

तुम्ही पाहिलेल्या चित्रपटात पूर्वार्धभर जवळजवळ संगीतच नाही, असे वर्णनावरून वाटते. ते खरे असेल तर उत्तरार्धात विकतचे तयार संगीत सलग पसरले आहे का, हे एकदा पुन्हा ऐकून पाहा. माझा अनुभव असा की दिग्दर्शकाचा आत्मविश्वास कुठे संपला हे संगीत कुठून सुरू झाले यावरून पुष्कळदा ओळखता येते. शिवाय मोठा आवाज दचकवतो तो त्याच्या आधीच्या शांततेमुळे. सगळीच पातळी वर नेऊन ठेवली की दचकवायला जागाच शिल्लक राहत नाही.

प्रतिसाद २: पटकथेचा वाचक

ध्वनिलेखक यांच्याशी सहमत आहे, पण उत्तरार्ध कोसळण्याचे मूळ मला लेखनात दिसते, आणि लेखन हा चित्रपटनिर्मितीतला सर्वांत स्वस्त टप्पा आहे.

हा चित्रपट पन्नास मिनिटे आपल्याला ऐकायला शिकवतो. कॅसेटमधल्या कोणत्या आवाजाकडे लक्ष द्यायचे, आईचा श्वास कधी बदलतो, दोन उत्तरांच्या मध्ये किती अंतर आहे, याची सवय प्रेक्षकाला लागते. मग अचानक चित्रपट म्हणतो की आता पाहा. जी इंद्रिये जागी केली त्यांना कामच दिले जात नाही. आईला विचारले जाणारे प्रश्न आपल्याला ऐकू येत नाहीत, ही इतकी भक्कम कल्पना हाताशी असताना तिचा शेवट त्यांतला एखादा प्रश्न ऐकू येण्यात व्हायला हवा होता, आणि तोही बहुधा थोरल्या बहिणीला, कारण तिनेच तोवर एकही कॅसेट पूर्ण ऐकलेली नाही. त्यासाठी लागणारा खर्च म्हणजे एका माणसाचा आवाज.

स्वतः घातलेला नियम शेवटपर्यंत पाळणे किती फलदायी ठरते हे ‘पॅरानॉर्मल अॅक्टिव्हिटी’ (२००७) पाहिल्यावर कळते. मूळ चित्रीकरण सुमारे १५ हजार डॉलरमध्ये आणि दिग्दर्शकाच्या स्वतःच्या घरात झाले. शयनगृहात तिपाईवर ठेवलेला कॅमेरा आणि कोपऱ्यात पळणारे घड्याळाचे आकडे एवढाच त्याचा संच आहे. पण आकडे भराभर पळत असताना मध्येच त्यांचा वेग नेहमीचा झाला की आता काहीतरी घडणार, हे प्रेक्षक दोन-तीन रात्रींत शिकतो आणि पुढे आकडे संथ झाले की दिग्दर्शकाने काही करण्याआधीच तो स्वतःला घाबरवू लागतो. ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’चा (१९९९) शेवटही असाच आहे. कोपऱ्याकडे तोंड करून उभा असलेला माणूस, एवढेच त्यात दिसते; ते भयानक वाटते ते सुरुवातीच्या एका मुलाखतीत सहज येऊन गेलेल्या तपशिलामुळे.

शेजारणीच्या फोनबद्दल. एका आवाजावर पात्र उभे करणे ही काटकसर म्हणून उत्तम युक्ती आहे, पण तिला माहिती पुरवण्याच्या कामाला लावले की ती पटकथेतली सर्वांत कंटाळवाणी व्यक्ती होते. हाच फोन पूर्वार्धात दोन-तीनदा आला असता, शेजारीण घराच्या किमतीविषयी, चावीविषयी, नळाविषयी बोलली असती आणि प्रत्येक वेळी तिने त्या खोलीचा उल्लेख टाळला असता, तर इतिहास सांगण्याची गरजच उरली नसती.

तीन शेवटांचे कारण मला लांबीत दिसते. ही गोष्ट तासाभराची आहे. पूर्ण लांबीचा चित्रपट म्हणून विकता यावा यासाठी ती ताणली गेली असावी, आणि हा दबाव खरा आहे हे मान्य करायला हवे. वितरक आणि महोत्सव दोघेही मधल्या लांबीच्या चित्रपटाला जागा देताना कुरकुरतात. तरीही २०२० साली टाळेबंदीच्या काळात, दूरस्थ दिग्दर्शन करून, कलाकारांच्या आपापल्या घरांत चित्रित झालेला ‘होस्ट’ तासाभराच्याही आत संपतो आणि तो लोकांना आवडण्यामागे त्याच्या आटोपशीरपणाचा मोठा वाटा आहे, असे माझे मत आहे.

प्रतिसाद ३: खवचट प्रेक्षक

वरचे दोन्ही प्रतिसाद चांगले आहेत, पण अशा चर्चेत गरिबीचे जे कौतुक सुरू होते त्यात मला थोडी भर उलट्या बाजूने घालायची आहे.

ज्यांची नावे इथे आली ते सगळे तरलेले चित्रपट आहेत. एकाच घरात, तीन पात्रांत, न दिसणाऱ्या भुतावर केलेले असंख्य चित्रपट कोणाच्या लक्षातही नाहीत आणि त्यांच्याकडेही पैसा नव्हताच. अभावामुळे कल्पकता येत असती तर ते सगळे गाजले असते. त्यातून जे आकडे आपण एकमेकांना सांगतो तेही अर्धवट असतात. ‘ब्लेअर विच’चे चित्रीकरण काही हजार डॉलरमध्ये झाले हे खरे, पण वितरकाने तो विकत घेतल्यावर ध्वनी आणि प्रदर्शनाची प्रत यांवर आणखी पैसा ओतला गेला आणि अंतिम निर्मितीखर्चाचे अंदाज २ लाखांपासून साडेसात लाख डॉलरपर्यंत जातात, जाहिरातीचा खर्च त्याहून वेगळा. ‘पॅरानॉर्मल अॅक्टिव्हिटी’चा चित्रपटगृहात दिसलेला शेवट हा मूळ शेवट नव्हे, तो मोठ्या स्टुडिओने चित्रपट घेतल्यानंतर बदललेला आहे. म्हणजे १५ हजारांत झालेला चित्रपट जगातल्या बहुतेकांनी पाहिलेलाच नाही.

आणि पैसा नसण्याची किंमत फक्त पडद्यावर दिसते असेही नाही. जॉर्ज रोमेरोचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) सुमारे १ लाख १४ हजार डॉलरमध्ये झाला. ऐन वेळी त्याचे शीर्षक बदलले, नव्या शीर्षकाच्या पाटीवर स्वामित्वहक्काची सूचना घालायची राहिली आणि तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला. इतक्या प्रभावी चित्रपटाचे उत्पन्न त्याच्या कर्त्यांच्या हातातून गेले ते एका पाटीमुळे. कागदपत्रे बघणारा माणूस नेमणे ही चैन वाटते, तोवरच वाटते.

पटकथेचा वाचक यांचा एक मुद्दा मला पटत नाही. भूत दाखवायचेच नाही हा नियम आता फार सोपा झाला आहे आणि त्याआड पुष्कळ आळस लपतो. ‘द ईव्हिल डेड’ (१९८१) सगळे काही दाखवतो, भरभरून दाखवतो, आणि त्याचा राक्षसी उत्साह अजून टिकून आहे. जंगलातून सुसाट येणाऱ्या अदृश्य शक्तीची नजर त्यांनी कशी मिळवली, तर कॅमेरा लाकडी फळीला जखडला आणि दोघांनी ती फळी दोन बाजूंनी धरून धाव ठोकली. रोमेरोने रक्ताच्या जागी चॉकलेटचे सरबत वापरले, कारण कृष्णधवल चित्रात ते खपून जाते. यांतली प्रत्येक गोष्ट खोटी आहे हे दिसते, पण ती त्या चित्रपटासाठी, त्या लोकांनी, हाताने केलेली आहे हेही दिसते. तुमच्या चित्रपटातला धुराचा चेहरा मी पाहिलेला नाही, पण तो कुठल्याही चित्रपटात चालला असता अशी मला शंका आहे, आणि माझा आक्षेप तिथे आहे. खोलीतल्या पडद्याच्या कापडातून किंवा कॅसेटच्या ओढून काढलेल्या फितीतून त्यांनी काही घडवले असते तर ते कदाचित ओबडधोबड दिसले असते, पण त्या घरातले वाटले असते.

सवलतीबद्दल बोलायचे तर मी देत नाही. माझा दीड तास दोन्हीकडे सारखाच जातो. मात्र ज्या गोष्टीचे वचनच चित्रपटाने दिलेले नाही ती त्याच्याकडे मागणे मला अन्यायाचे वाटते. एका घरातल्या गोष्टीत गर्दी का नाही, गाव का दिसत नाही, असे विचारणारे परीक्षण वाचले की मी पुढे वाचत नाही.

प्रतिप्रश्न: निशाचर

सर्वांचे आभार. ध्वनिलेखक यांनी सांगितल्याप्रमाणे तो भाग पुन्हा ऐकला. संगीत नेमके शेजारणीच्या फोनपासून सुरू होते आणि जवळजवळ शेवटपर्यंत थांबत नाही. कॅसेटच्या फितीची सूचना वाचून हळहळ वाटली, कारण एका दृश्यात धाकटी बहीण गुंतलेली फीत बोटाने सोडवत बसलेली आहे आणि दिग्दर्शकाने ती तशीच सोडून दिली आहे.

काळोखाबद्दल मात्र कोणी लिहिले नाही. मी चित्रपट संगणकावर पाहिला. दोष माझ्या पडद्याचा की चित्रीकरणाचा, हे कसे ओळखावे?

प्रतिसाद ४: दिवाबत्ती

दोन्हींचा असू शकतो. ओळखण्याची साधी खूण अशी की काळोखात करडे किडे वळवळल्यासारखे दिसत असतील तर उजेड कमी असताना कॅमेऱ्याची संवेदनक्षमता वाढवून चित्रीकरण केलेले आहे, आणि काळ्या भागात पायऱ्यांसारखे पट्टे किंवा चौकोन दिसत असतील तर ते बहुतांशी फाइल लहान करताना आलेले आहेत. आंतरजालावरून येणाऱ्या चित्रात गडद भागांवर सर्वांत आधी कात्री चालते. संकलनाच्या अंधाऱ्या खोलीत चांगल्या पडद्यावर जी सावली स्पष्ट दिसते ती दिवसा, खिडकीशेजारी ठेवलेल्या संगणकावर काळ्या डागासारखी दिसते. आणि छोट्या निर्मितीत रंगसंस्कार करणारा, म्हणजे चित्रीकरणानंतर चित्राचे रंग आणि उजेड जुळवून घेणारा माणूस साध्या पडद्यावर एकदा तपासून पाहण्याइतकाही वेळ विकत घेऊ शकत नाही.

पण कोण कुठे उभे आहे हेच कळत नसेल तर बहुधा मूळ योजना चुकलेली आहे. रात्र दाखवायची म्हणजे उजेड काढून घ्यायचा, असा नवख्यांचा समज असतो. प्रत्यक्षात रात्रीच्या दृश्यालाही उजेड लागतोच, फक्त तो एका बाजूने आणि मोजक्या जागी हवा: पाठीमागून खांद्याची कड उजळणारा एक दिवा, दाराच्या फटीतून येणारी एक पट्टी, भिंतीवर थोडा परावर्तित प्रकाश. पात्राचा चेहरा काळा राहिला तरी चालतो, त्याची आकृती मागच्या भिंतीपासून सुटी दिसली पाहिजे. हे दोन साध्या दिव्यांत होते, मात्र दृश्य लावायला वेळ द्यावा लागतो. म्हणून तुमच्या मूळ प्रश्नाला माझे उत्तर असे की काळोख, संवाद आणि भूत या तिन्ही ठिकाणी कमतरता पैशाची होती त्यापेक्षा दिवसांची अधिक होती. अर्थात दिवस विकत घ्यायलाही पैसाच लागतो, हे खवचट प्रेक्षक लगेच सांगतील.

याच्या उलट उदाहरणही आहे. ‘स्किनामरिंक’ (२०२२) हा १५ हजार कॅनेडियन डॉलरमध्ये, दिग्दर्शक ज्या घरात लहानाचा मोठा झाला त्याच घरात झाला. त्यात चेहरे जवळजवळ दिसत नाहीत, पडदाभर दाणेदार काळोख आहे आणि तो काळोख हाच चित्रपटाचा विषय आहे. पुष्कळांना तो असह्य वाटला, मलाही मधला अर्धा तास जड गेला, पण तिथे काही दिसत नाही ते दिग्दर्शकाला तसे हवे होते म्हणून, ही खात्री पहिल्या काही मिनिटांतच पटते. तुमच्या चित्रपटात दाराच्या दृश्यात ती खात्री होती असे तुमच्याच वर्णनावरून दिसते. तिथे कॅमेरा स्थिर, उजेड बहुधा दिवसाचा आणि अभिनेत्रीला पुरेसा वेळ मिळालेला आहे. व्हरांड्यातले भांडण आणि रात्रीची दृश्ये बहुतेक शेवटच्या एक-दोन दिवसांत उरकलेली असावीत. थोरल्या बहिणीचे काम करणारी अभिनेत्री त्याच दृश्यांत थकलेली वाटते का, ते पाहा. परीक्षण लिहिणार असाल तर चित्रपट कोणत्या पडद्यावर पाहिला हे त्यात अवश्य नमूद करा, आणि शक्य असल्यास लिहिण्याआधी ती रात्रीची दृश्ये दिवे मालवून, मोठ्या पडद्यावर एकदा पुन्हा पाहा.